शातो मार्गोची पहिली बाटली: लेबल वाचण्यापासून बूच काढण्यापर्यंत

माझा आतेभाऊ पॅरिसहून येताना वाइनची एक बाटली घेऊन आला. पिशवीतून काढायच्या आधीच त्याचं सुरू झालं, "मार्गो आणलीय, मार्गो! अर्ध्या लाखाची वस्तू मला तीस युरोत मिळाली." लेबलावर मोठ्या अक्षरांत मार्गो लिहिलेलं होतं, सोन्याची वेलबुट्टीही होती. फक्त जे नाव असायला हवं होतं, तेच नव्हतं. जेवण होईपर्यंत मी गप्प बसलो. वाइन चांगली होती, हेही सांगायला हवं. पण ती शातो मार्गो नव्हती.

हा घोटाळा इतका सर्रास होतो, की नवख्या माणसानं सुरुवात इथूनच करावी. चव, वास, ग्लास कसा धरायचा हे सगळं नंतर. आधी हातातली बाटली कोणाची आहे ते कळू द्या.

पहिलं काम: गाव कोणतं आणि मळा कोणता

मार्गो हे गावाचं नाव. फ्रेंच लोक शेवटचा एक्स उच्चारत नाहीत, म्हणून मार्गो. दुकानात 'मार्गॉक्स' म्हणालात तर विक्रेता ओठ दाबून हसेल, पण बाटली देईल. फ्रान्सच्या नैऋत्येला बोर्दो शहर आहे. तिथून उत्तरेला जिरोंद खाडीच्या डाव्या काठानं मेदोक नावाचा पट्टा लागतो आणि पंचवीस-तीस किलोमीटरवर हे गाव येतं. गावाच्या नावानं वाइन विकायचा कायदेशीर हक्क एकट्या गावाला नाही. मार्गो, कांतनाक, सूसां, लाबार्द आणि आरसाक अशा पाच गावांच्या शिवारातल्या ठरावीक जमिनींना तो आहे. या हक्काला अपेलासिओं म्हणतात. आपल्याकडे देवगड हापूसला भौगोलिक मानांकन आहे, त्याच जातीची ही गोष्ट, फक्त नियम जास्त कडक.

म्हणजे 'मार्गो' छापलेल्या बाटल्या कितीतरी मळ्यांच्या असतात. पेटीवर देवगड लिहिलं म्हणून आंबा अमुक एका बागेचा ठरत नाही, तसंच हे. शातो मार्गो हा त्या शिवारातला एकच मळा. शातो या शब्दाचा अर्थ गढी किंवा वाडा, पण बोर्दोत जिथे वाइन बनते त्या मळ्याला शातो म्हणतात. वाडा असलाच पाहिजे असं नाही. पत्र्याची शेड असली तरी चालतं. शातो मार्गोला मात्र खरोखरीचा वाडा आहे. खांबांची देवडी, समोर रुंद पायऱ्या, दारापर्यंत चिनार जातीच्या झाडांची रांग. लुई कोंब या वास्तुकारानं १८१० च्या दशकात तो बांधला आणि बाटलीच्या लेबलावर त्याचंच चित्र असतं.

लेबल वाचताना बोट ठेवत खाली या. शातो मार्गो असं पूर्ण नाव हवं. 'प्रमिए ग्रां क्रू क्लासे' हे शब्द हवेत, म्हणजे पहिल्या श्रेणीचा मळा. साल हवं, म्हणजे द्राक्षं काढली ते वर्ष. आणि 'मी आं बुतेय ओ शातो' हवं, म्हणजे बाटली मळ्यावरच भरलेली. पूर्वी वाइन पिंपातून व्यापाऱ्याकडे जायची आणि तो आपल्या गोदामात बाटल्या भरायचा. मध्ये कोण काय मिसळतो ते देवाला ठाऊक. १९२४ मध्ये मेदोकमधल्याच मूतोन मळ्याच्या फिलिप द रोथशिल्डनं सगळं पीक मळ्यावरच भरायला सुरुवात केली आणि मोठे मळे हळूहळू त्या वाटेनं गेले.

एका शब्दाला फसू नका: 'ग्रां व्हां द बोर्दो'. ऐकायला भारदस्त, पण कायद्यानं त्याला काही वजन नाही, कोणीही छापतं. 'ग्रां क्रू क्लासे' ही मात्र कमावलेली पदवी आहे. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी तिसऱ्या नेपोलियनच्या सरकारला बोर्दोच्या उत्तम वाइनची यादी हवी होती. तिथल्या दलालांनी वर्षानुवर्षांचे भाव पाहून पाच श्रेणी लावून दिल्या. पहिल्या श्रेणीत चार नावं आली: लाफीत, लातूर, मार्गो आणि ओ-ब्रियों. (लातूर वाचून दचकू नका, आपल्या लातूरशी त्याचं काही नातं नाही, 'ला तूर' म्हणजे बुरूज.) पाचवं नाव मूतोनचं, तेही तब्बल ११८ वर्षांनी, १९७३ मध्ये वर चढलं. बाकी यादी जवळपास जशीच्या तशी आहे. म्हणजे ही बाजारभावाची यादी आहे, परीक्षकांच्या गुणांची नव्हे. आणि ती जमिनीला लागलेली नसून मळ्याच्या नावाला लागलेली आहे. माझ्या मते ही व्यवस्था थोडी सरंजामीच आहे, पण ती कळली की लेबल कळतं.

लेबलाला एक अपवाद आहे. २०१५ च्या बाटलीवर कागदी लेबलच नाही. काळी बाटली आणि तिच्यावर सोनेरी छपाई. मळ्याचे संचालक पॉल पोंतालिए १९८३ पासून इथे होते, मार्च २०१६ मध्ये ते गेले. त्यांच्या स्मरणार्थ ती बाटली वेगळी केली.

कोणती घ्यायची: एकाच मळ्याच्या तीन पायऱ्या

शातो मार्गोचं क्षेत्र अडीचशे हेक्टरांच्या वर, पण त्यात रान, कुरण, वाडा सगळं आलं. लाल वाइनची द्राक्षं सुमारे ८० हेक्टरांवर, म्हणजे दोनशे एकरांत. त्यातही मुख्य वाइनमध्ये हल्ली साधारण पस्तीस-चाळीस टक्केच माल जातो. उरलेल्याचं काय?

त्याची दुसरी वाइन बनते, 'पाव्हियों रूज द्यु शातो मार्गो'. हे नाव १९०८ पासूनचं. त्याहूनही खालच्या प्रतीच्या मालाची तिसरी वाइन २००९ च्या पिकापासून सुरू झाली आणि तिचं नाव 'मार्गो द्यु शातो मार्गो' ठेवलं. ज्यानं ठेवलं त्याला नवख्या गिऱ्हाइकाची दया आली नसावी. पण आता तुम्हाला फरक माहीत आहे. 'पाव्हियों ब्लां' दिसली तर ती पांढरी आहे, निव्वळ सोव्हिन्यों ब्लां द्राक्षाची, आणि तिच्यावर मार्गो अपेलासिओं नसून बोर्दो लिहिलेलं असतं, कारण मार्गोचा हक्क फक्त लाल वाइनला आहे.

भावाचं म्हणाल, तर मुख्य वाइनच्या अलीकडच्या सालाची एक बाटली युरोपात चार-पाचशे युरोंच्या पुढे जाते, गाजलेल्या सालाची त्याहून खूप वर. दुसरी वाइन साधारण तिच्या एक तृतीयांशात मिळते. तिसरी त्याहून स्वस्त.

माझा सल्ला असा. पहिल्यांदाच बोर्दो पीत असाल तर मुख्य वाइनच्या वाटेला जाऊ नका. संगीतात कान तयार नसताना पहिल्या रांगेचं तिकीट काढण्यासारखं होतं ते. आधी त्याच शिवारातल्या शेजारच्या मळ्यांच्या वाइन घ्या. मार्गो अपेलासिओंत १८५५ च्या यादीतले २१ मळे आहेत, इतके दुसऱ्या कुठल्याच अपेलासिओंत नाहीत. जिस्कूर, ब्रान-कांतनाक, दिसां, प्रिएरे-लिशीन ही नावं लक्षात ठेवा. पालमेर आणि रोझां-सेग्ला जरा महाग. दोन-तीन अशा पिऊन झाल्या की पाव्हियों रूज. मग कधी योग आला, चार-सहा जणांनी वर्गणी काढली, तर मुख्य बाटली. ७५० मिलीलीटरच्या बाटलीत १२५ चे सहा ग्लास होतात. सहा जणांत खर्च विभागला की निदान घरी सांगता येतो.

विमानतळावरून आणणार असाल तर एका प्रवाशाला दोन लीटरपर्यंत मद्य विनाशुल्क आणता येतं, म्हणजे हिशेबानं दोन बाटल्या. हातातल्या बॅगेत नेण्याआधी मधल्या विमानतळाचे नियम बघा. कनेक्टिंग फ्लाइटच्या तपासणीत सीलबंद पिशवी आधीच फोडलेली निघाली तर बाटली तिथेच राहते. हे मी एका बाटलीची किंमत मोजून शिकलो आहे.

साल कसं निवडायचं

ही पायरी मला सगळ्यात आवडते, कारण इथे माझ्यासारख्या दिंडोरीकडच्या माणसाला काही शिकावं लागत नाही. आमच्या घरी थॉमसन द्राक्षाची बाग होती. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात गोडी छाटणी, आणि फेब्रुवारीत ढग आले की आण्णा जेवायचे नाहीत. मेदोकमध्ये छाटणी वर्षातून एकदाच, हिवाळ्यात. मार्च-एप्रिलात डोळे फुटतात, जूनच्या सुमारास फुलोरा, ऑगस्टमध्ये मण्यांना रंग, आणि सप्टेंबर ते ऑक्टोबरची सुरुवात ही काढणी. त्यांची भीती दोन टोकांची असते. एप्रिलात दव गोठलं की कोंब जळतात (२०१७ मध्ये बोर्दोनं हे भोगलं), आणि सप्टेंबरात पाऊस लागला की मणी पाणी पितो, सडतो. आमची अवकाळी, त्यांची अवकाळी.

शातो मार्गोत हेक्टरी दहा हजार वेली आहेत असं मी आण्णांना सांगितलं, तेव्हा त्यांनी मनात हिशेब केला. "म्हणजे एकरी चार हजार? आपल्या तर नऊ बाय पाचावर साडेनऊशे बसतात. आणि माल किती निघतो?" मी म्हटलं, एकरी दोन-अडीच टन. आण्णा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मग खातात काय ते?"

वाइनच्या गुणाचं अर्धं उत्तर या प्रश्नात आहे. तिथली जमीन खडी-गोट्यांची, पाणी न धरणारी. वेलींना पाणी देत नाहीत. शेजारणीशी चढाओढ करत मुळं खोल जातात. मंडप नाही, वेल गुडघ्या-मांडीएवढी ठेवतात आणि दिवसभर तापलेले गोटे संध्याकाळनंतर घडांना खालून ऊब देतात. काबर्ने सोव्हिन्यों हे उशिरा पिकणारं, जाड सालीचं, बारीक मण्याचं द्राक्ष. अशा ऊबदार खडीशिवाय मेदोकच्या हवेत ते पिकलंच नसतं. शातो मार्गोच्या वाइनचा कणा हेच द्राक्ष. २०१५ च्या वाइनमध्ये ते ८७ टक्के होतं, बाकी मर्लो, काबर्ने फ्रां आणि चिमूटभर पती व्हेर्दो.

आता व्यवहाराचं. लोक गाजलेली सालं शोधतात: १९९०, १९९६, २०००, २००५, २००९, २०१०, २०१५, २०१६. ही सालं थोर आहेत यात वाद नाही. पण थोर साल म्हणजे लवकर पिण्याचं साल नव्हे, उलट ते जास्त काळ मुरावं लागतं. २०१६ ची मुख्य वाइन आज उघडणं म्हणजे कैरी फोडी करून मीठ लावलं आणि तासाभरात लोणचं म्हणून वाढलं. नवख्यानं मधली सालं घ्यावीत. २००४, २००७, २०११, २०१४ यांचा बोलबाला कमी झाला, भावही तुलनेनं कमी, आणि ती लवकर पिण्याजोगी होतात. मोठ्या मळ्याचं साधं साल आणि साध्या मळ्याचं मोठं साल, दोन्ही सौदे शहाणपणाचे. मोठ्या मळ्याचं मोठं साल हा सौदा नसतो, तो नवस असतो.

थोडं घराण्याविषयी

हे वाचलं नाही तरी बाटली उघडेल. पण कोणाच्या घरी जेवायला बसलो आहोत ते माहीत असावं.

हा मळा नेहमीच थोर होता असं नाही. सतराव्या-अठराव्या शतकात नाव झालं. लंडनमध्ये 'मार्गोज' या नावानं इथल्या वाइनचे लिलाव व्हायचे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बेरलों नावाचा कारभारी होता. पहाटे दव असताना द्राक्षं तोडायची नाहीत, पाण्यानं रंग पातळ होतो, हा त्याचा दंडक. आणि तोवर पांढरी-काळी द्राक्षं एकत्रच चेचत, ती त्यानं वेगळी केली. १७८७ मध्ये थॉमस जेफरसन, पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेला, बोर्दोला आला तेव्हा त्यानं पहिल्या प्रतीच्या चार मळ्यांत मार्गोचं नाव लिहून ठेवलं. फ्रेडरिक एंगल्सची गंमत तर आपल्याकडच्या डाव्या मित्रांना सांगण्यासारखी आहे. मार्क्सच्या मुलीनं, जेनीनं, १८६८ मध्ये त्याच्याकडून एक प्रश्नावली भरून घेतली. 'तुमच्या मते सुख म्हणजे काय?' याला त्याचं उत्तर: शातो मार्गो १८४८. युरोपातल्या क्रांतीचं साल आणि वाइनचं साल एकाच घोटात.

विसाव्या शतकाच्या मध्यात मात्र घसरण लागली. १९७० च्या दशकात बोर्दोचा बाजार कोसळला आणि त्या वेळचे मालक जिनेस्ते कुटुंब विकायला निघालं. एका अमेरिकन मद्य कंपनीनं मागणी घातली, पण फ्रेंच सरकारनं ती अडवली. राष्ट्राचा ठेवा परक्यांना कसा द्यायचा? शेवटी १९७७ मध्ये आंद्रे मेंझेलोपुलोस यांनी मळा घेतला. गंमत म्हणजे हेही परकेच, जन्मानं ग्रीक. तरुणपणी पाकिस्तानात धान्याच्या निर्यातीचा धंदा करून त्यांनी पैसा मिळवला आणि पुढे फेलीक्स पोतां ही फ्रान्समधली किराणा दुकानांची साखळी विकत घेतली. मळ्यात त्यांनी पाणी निचऱ्याच्या चारीपासून काम सुरू केलं, वेली नव्या लावल्या, जमिनीखाली तळघर खोदायला घेतलं, एमिल पेनो या नामांकित जाणकाराला सल्लागार नेमलं. १९७८ च्याच वाइननं लोकांच्या माना वळल्या. १९८० मध्ये आंद्रे अचानक वारले आणि कारभार मुलीकडे, कोरीन यांच्याकडे आला. वय वर्षं सत्तावीस-अठ्ठावीस, वाइनचं शिक्षण नाही. त्यांनी तो चार दशकांहून जास्त काळ सांभाळला. २०१५ मध्ये वास्तुकार नॉर्मन फॉस्टर यांनी बांधलेली नवी वायनरी उभी राहिली, पण जुन्या वाड्याच्या अंगावर न येता, बाजूला, कौलारू.

मळ्यावर स्वतःचा पिंप बनवणारा कारागीर आहे, हे मला फॉस्टरपेक्षा जास्त भावतं. लागणाऱ्या ओकच्या पिंपांपैकी साधारण एक तृतीयांश तिथेच होतात, बाकी बाहेरून येतात. मुख्य वाइन नव्या पिंपांत दीड-दोन वर्षं राहते. पिंप २२५ लीटरचं, म्हणजे तीनशे बाटल्यांचं. गढूळपणा बसवायला अंड्याचा पांढरा बलक घालतात, ही तिकडची जुनी रीत. शुद्ध शाकाहारी पाहुणे असतील तर आधीच सांगून ठेवा.

घरी ठेवणं

इथे आपल्या हवेचा प्रश्न येतो. वाइनला बारा-चौदा अंश, अंधार, थोडी ओल आणि शांतता लागते. विदर्भातला मे महिना यातलं काहीच देत नाही. माझ्या मामांनी एक जुनी बोर्दो 'मुरू दे' म्हणून पाच वर्षं माळ्यावर ठेवली, पत्र्याच्या छताखाली. उघडली तेव्हा बूच अर्धा बोट वर आलेलं, आणि आत चिंचेच्या कोळात मनुका शिजवल्यासारखा वास. मामा म्हणाले, "अशीच असते का रे?" मी हो म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही.

वाइनचा खास फ्रिज नसेल तर जुन्या वाइन साठवायच्या भानगडीत पडू नका. आणली की सहा महिन्यांत प्या. तोवर साध्या फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात आडवी ठेवली तरी चालेल. ओट्यावर, गॅसजवळ, खिडकीत किंवा गाडीच्या डिकीत कधीच नाही.

उघडण्याचा दिवस

दहा वर्षांहून जुनी बाटली असेल तर आदल्या दिवशी उभी करा. तळाशी गाळ बसतो; बोर्दोच्या बाटलीला चौकोनी खांदे असतात ते ओतताना हा गाळ अडवायला उपयोगी पडतात.

'लाल वाइन रूम टेंपरेचरला प्या' हा सल्ला ज्या खोल्यांसाठी दिला गेला, त्या दगडी भिंतींच्या, सतरा अंशांच्या होत्या. पुण्यातली एप्रिलची खोली चौतीस अंशांची असते. खोलीत असलेली बाटली असेल तर दीड-दोन तास फ्रिजमध्ये ठेवा, सोळा-अठरा अंशांवर येऊ द्या. भाजीच्या कप्प्यातली असेल तर उलट करा, अर्धा तास आधी बाहेर काढा.

वरची पत्री बाटलीच्या ओठाखालच्या कडेवर कापा आणि तोंड ओल्या फडक्यानं पुसा. कॉर्कस्क्रू दोन खाचांचा घ्या. टोक बुचाच्या बरोबर मध्ये टेकवा आणि बाटली न हलवता हात फिरवा. शेवटचं एक वेढं बाहेर राहू द्या, नाहीतर टोक खालून आरपार जातं आणि भुसा वाइनमध्ये पडतो. पहिल्या खाचेवर अर्धं, दुसऱ्या खाचेवर उरलेलं. शेवटचा अर्धा सेंटीमीटर बोटांनी हलवत काढा. 'फट्' असा आवाज आला तर घाई झाली असं समजा.

जुनं बूच मध्येच तुटतं. घाबरू नका. उरलेल्या तुकड्यात कॉर्कस्क्रू तिरका घाला आणि बाटलीच्या भिंतीकडे दाबत हळू ओढा. नाहीच निघालं तर आत ढकला आणि चहाच्या स्वच्छ, वास नसलेल्या गाळणीतून ओता. चारशे युरोंची वाइन चहाच्या गाळणीतून गेली म्हणून तिचा अपमान होत नाही. पण गाळणीला आल्याचा वास असेल तर होतो.

बूच हातात घेऊन पाहा. त्यावर मळ्याचं नाव आणि साल छापलेलं असतं आणि ते लेबलाशी जुळायला हवं.

आता जगमध्ये ओतायची की नाही? तरुण वाइन, म्हणजे पंधरा वर्षांच्या आतली, काचेच्या रुंद जगात, म्हणजे डिकँटरमध्ये, दोन-तीन तास आधी ओता. हवा लागली की तिचा ताठा उतरतो. पंचवीस-तीस वर्षांची असेल तर पिण्याच्या थोडंच आधी, एका संथ धारेत, बाटलीच्या मानेखाली मोबाइलचा टॉर्च धरून. काळी रेघ मानेपर्यंत आली की थांबा. डिकँटर नसला तर सरबताचा काचेचा जग चालतो. तांब्या-पितळेचं भांडं नको. कल्हई नसलेल्या भांड्यात ताक ठेवल्यावर काय होतं ते आपल्याला लहानपणापासून माहीत आहे, वाइनही आंबटच आहे.

पहिला घोट

ग्लास मोठा, तोंडाशी निमुळता, एक तृतीयांश भरलेला. दांडी धरा. पांढऱ्या कागदासमोर तिरका करून कडेचा रंग पाहा: जांभळा असेल तर तरुण, विटकरी असेल तर वयस्क.

मग वास. आधी न हलवता, मग एकदा गोल फिरवून. इंग्रजी पुस्तकांतल्या ब्लॅककरंट, सीडर, व्हायोलेट या याद्या पाठ करू नका, त्यातलं अर्धं आपण कधी हुंगलेलं नाही. माझी यादी अशी. तरुण मार्गोत पिकलेली करवंदं, जांभूळ, आणि नुकतीच तासलेली शिसपेन्सिल (ते लाकूड सीडरसारखंच). वर एक हलका फुलांचा थर, मार्गो शिवार त्यासाठीच प्रसिद्ध आहे. जुनीत फळ मागे सरतं आणि चामड्याचा पट्टा, तंबाखूची पानं, ओल्या पाचोळ्याचा वास पुढे येतो. तुम्हाला वेगळं काही आठवलं तर तेच बरोबर.

घोट तोंडात क्षणभर फिरवा. जांभूळ खाल्ल्यावर जीभ आणि हिरड्या कोरड्या पडतात ना, तो तुरटपणा म्हणजे टॅनिन. सालीतून, बीतून आणि ओकच्या पिंपातून येतो. तो किती आहे यापेक्षा कसा आहे ते पाहा. साध्या वाइनमध्ये कच्च्या केळ्यासारखा चिकटून बसतो. चांगल्या मार्गोत तो असतो, पण जुन्या धुतलेल्या सुती साडीसारखा मऊ. गिळल्यावर घड्याळ पाहा. चव किती वेळ रेंगाळते? पाव्हियों रूज मी पहिल्यांदा प्यालो तेव्हा 'बरी आहे' म्हणून ग्लास ठेवला आणि बोलायला लागलो. मिनिटाभरानं वाक्य अर्ध्यात सुटलं, कारण ती अजून तोंडात होती.

तळघरातल्या ओल्या पुठ्ठ्याचा, भिजलेल्या गोणपाटाचा वास आला तर तो बुचाचा दोष. त्यावर हवा, वेळ, काही उपाय नाही. विकत घेतलेल्या ठिकाणी परत न्या. हॉटेलात असाल तर चव घ्यायला पहिला घोट देतात तो याच तपासणीसाठी. आवडली नाही म्हणून परत करायला तो नसतो.

सोबत काय

मेदोकचे लोक कोकराचं मटण भाजून खातात. आपल्याकडे मटण सुकं चालतं, पण तिखट हात राखून. तांबडा रस्सा आणि टॅनिन एकत्र आले की दोघांचंही वाईट होतं: तिखट जास्त भडकतं, वाइन कडू लागते. सुरमईचं कालवणही नको. माशाबरोबर लाल वाइनला लोखंडाची चव येते. शाकाहारी घरात लोणी घालून परतलेली अळिंबी, भाजलेलं वांगं (भरीत नव्हे, हिरवी मिरची आड येते), किंवा चांगलं जुनं चीज. श्रीखंड-पुरीच्या बेतात ही बाटली काढू नका. गोडापुढे ती निव्वळ आंबट आणि तुरट उरते.

मळा पाहायला जायचं असेल तर

बोर्दोच्या सें-जां स्टेशनवरून मेदोकची लोकल मार्गोला थांबते. शातो मार्गोला आधी वेळ ठरवल्याशिवाय आत घेत नाहीत आणि फाटकावर बाटली विकतही नाहीत. सगळा माल बोर्दोच्या व्यापाऱ्यांमार्फत जातो. वेळ मिळाली नाही तरी रस्त्यावरून वाडा दिसतो. शेजारचे अनेक मळे मात्र पाहुण्यांना आत घेतात, चव देतात, बाटलीही विकतात.

आतेभाऊ गेल्या वर्षी तिथे जाऊन आला. फाटकासमोरचा फोटो पाठवला, खाली लिहिलं होतं, "हीच ना? नीट बघून सांग, मागच्यासारखं जेवण झाल्यावर नको."

उरलेल्या वाइनचं राहिलंच. बूच उलटं नाही, सुलटंच लावा, फ्रिजमध्ये उभी ठेवा, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अर्धा तास आधी बाहेर काढा. तरुण मार्गो दुसऱ्या दिवशी पहिल्यापेक्षा बरी लागते. तिसऱ्या दिवशी उरली तर मटणाच्या रश्श्यात घाला.